अळणी मावशी

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं तिनं बिनमिठाचं रांधलं, म्हणून सगळे तिला अळणी मावशी म्हणत. स्वभाव मात्र चांगला खारट, बरं का! अक्षरओळख बेताचीच. म्हणून बिनमिठाच्या डब्याच्या झाकणाला ती पांढरा दोरा बांधायची.

तरी एक दिवस हृदयाच्या एका आजाऱ्याच्या पोटात मीठ गेलं आणि तो मरता मरता वाचला. खापर फुटलं मावशीच्या डोक्यावर. जेवणाची गाडी ढकलणारा नवा मामा शपथेवर म्हणाला, "मी झाकणाला बोटसुद्धा लावलं नाही."

मुकादमबाईंनी मावशीला मोरीवर भांडी घासायला बसवलं. चुलीवर दुसरी बाई आली. दोऱ्याची रीत तेवढी मावशीचीच राहिली.

"मोरी सोडून कुठं दिसलीस, तर कायमची घरी बस," अशी तंबी मिळाली. घरात कमावणारी तर ती एकटीच.

लेक चिडली. "एवढे हात जोडलेस, काय दिलं देवानं? घासणी!"

"त्याच्या मनात काहीतरी असेल."

"आणि नसलं तर?"

करपलेल्या पातेल्यात डोकं घालून मावशी रोज देवाशीच भांडायची, "अरे, माझं चुकलं असेल तर दाखव. नसेल चुकलं, तर इथं कशाला आणून टाकलंस?"

नवव्या दिवशी अंधारून आलं म्हणून तिनं मोरीच्या खिडकीची काजळलेली काच घासली. पलीकडे मागचा बोळ दिसला. स्वयंपाकघरातून तो कधी दिसायचाच नाही. तिथं मामाची गाडी उभी होती. मामानं इकडं तिकडं पाहिलं, पाचही डब्यांची झाकणं काढली, प्रत्येकातलं चमचाभर चाखलं, आणि हाताला येईल ते झाकण येईल त्या डब्यावर ठेवलं. दोऱ्याचं झाकण भलत्याच डब्यावर बसलं!

मावशी ओरडली. काच जाड, मामाला ऐकूच गेलं नाही. गाडी हलली. दारात मुकादमबाई उभ्या. तिकडं वॉर्डात तोच हृदयाचा आजारी जेवायचा थांबलेला.

"आता गं बाई!" म्हणत मावशीनं पदर खोचला आणि मुकादमबाईंच्या काखेखालून निसटली.

"मावशी! माघारी फिर! नोकरी गेली समज!"

"गेली तर गेली!"

ती पोचली तेव्हा सिस्टर पहिला घास भरवत होत्या. मावशीनं त्यांचं मनगटच धरलं. "आधी तुम्ही चाखा."

धापा टाकत मुकादमबाई आल्या. सिस्टरनी चाखलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "खारट आहे."

"बोळात झाकणं मामांनी बदलली," म्हणत मावशीनं गाडीपाशी उभ्या मामाकडे बोट दाखवलं. "मी झाकणाला..." मामा सुरू झाला.

"आधी मिशी पुसा, मामा," मावशी म्हणाली. "भाजीचा रस लागलाय."

मुकादमबाईंनी माफी मागितली नाही. "उद्यापासून चुलीवर ये," एवढंच म्हणाल्या.

मावशी मोरीवर परतली. अर्धं घासलेलं पातेलं वाट बघत होतं. "दाखवलंस बाबा," ती देवाला म्हणाली. "माझंही थोडं चुकलंच. दोरा डब्याला बांधायचा, झाकणाला नाही. पण एवढ्यासाठी नऊ दिवसांची भांडी?"