गस्तीतला शेवटचा जवान

मिलिंद इंगळे माझ्या सेक्शनमध्ये आला तेव्हा आमची पोस्टिंग उत्तरेत, बर्फातल्या एका चौकीवर होती. मी सेक्शन कमांडर, हवालदार. माझं गाव शेलूबाजारजवळ, तो धनजचा. कंपनी कमांडरांनी त्याला माझ्यापुढे उभं केलं. “राऊत, आपके जिले का है. सँभालो.” काय सांभाळायचं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. जेवणाच्या रांगेत एक जण पुढे घुसला, म्हणून या पठ्ठ्याने त्याला थाळी फेकून मारली.

लोकांना वाटतं, फौजेत पोरं शूर आणि शांत होऊनच येतात. काही नाही तसं. मंगरूळपीरच्या स्टँडवर बसमधल्या जागेसाठी एकमेकांची कॉलर धरणारी, तीच आमच्याकडे येतात. मिलिंदला विशी लागली होती, पण राग पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा होता. आधी हात, मग तोंड आणि डोकं सगळ्यात शेवटी.

मी त्याच्या पाठीवर भरलेला पिट्टू लावून त्याला पळवलं. उपयोग झाला नाही. मग गस्तीत त्याला सगळ्यात मागे टाकलं. मागच्या जवानाला आपल्या मर्जीने चालता येत नाही. पुढचा थांबला की थांबायचं. कोणी दमला, कोणाचा बूट सैल झाला, की त्याच्यापाशी उभं राहायचं. पहिल्या हिवाळ्यात तो मागून शिव्या घालायचा. दुसऱ्या हिवाळ्यात बंद झाल्या. पुढे लान्स नाईक झाला, तरी मागची जागा त्याने सोडली नाही. मिलिंद मागे असला की मला वळून बघावं लागत नसे. कॅन्टीनमध्ये मी छाती फुगवून सांगायचो, याला मी माणसात आणला.

घरी गेला की मात्र पुन्हा तोच जुना मिलिंद. रजेवरून आला की बापाबद्दल स्वतःच सांगायचा, “भाऊ, बुढ्याशी पुन्हा वाजलं. घरी गेलो की मले काय होते, समजत नाही.” मी हसायचो. माझंही घरी तेच व्हायचं.

त्या सकाळी आम्ही चौकीवरून खाली येत होतो. वाटेत एक उघडा उतार होता. ऊन चढायच्या आत तो ओलांडायचा, एकेकाने, मध्ये अंतर ठेवून. ऊन लागलं की बर्फ सुटतो. आम्ही पलीकडे खडकाशी पोहोचलो. मागे दोघं राहिले होते, माने आणि मिलिंद. माने सांगलीकडचा पैलवान गडी. उताराच्या मध्यावर तो अचानक खाली बसला. भीतीने त्याचं पाऊल पुढे पडेना.

वायरलेस सेटवर मिलिंद बोलला. “माने बैठ गया है. ओव्हर.”

“खींच के ला. धूप आ रही है. ओव्हर.”

“खींचा तो दोनों जाएँगे. बात करके लाता हूँ. ओव्हर.”

मिलिंद त्याच्याजवळ जाऊन टेकला. एवढ्या लांबून बोलणं ऐकू येत नव्हतं. ऊन सरकत होतं. माझा धीर सुटला आणि मी सेटवर सरळ वऱ्हाडीत ओरडलो, “मिल्या, लवकर कर लेका!”

“येऊन राह्यलो भाऊ. त्याले घाबरवू नका.”

माने उठला आणि चालू लागला. मिलिंद तिथेच उभा राहिला. अंतर पडल्याशिवाय निघायचं नाही, हा नियम. माने खडकाला लागला आणि वरून सगळा बर्फ मिलिंदच्या अंगावर सुटला. आम्ही फावड्यांनी, हातांनी उकरलं. मिलिंद सापडला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

जिल्ह्याचा म्हणून पार्थिवाबरोबर मीच धनजला आलो. त्रिशरण-पंचशील झालं, सलामी झाली, पुढाऱ्यांची भाषणं झाली. गर्दी पांगली तेव्हा त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. आयुष्यभर शेतावर राबलेला माणूस.

“हवालदार साहेब, खरं सांगजा. रागात काई करून बसला का तो?”

“काहून असं विचारता काका?”

“मागच्या रजेत लग्नावरून वाजलं आमचं. भरल्या ताटावरून उठून गेला. मी म्हटलं, तुया राग एक दिवस तुलेच खाईन.” ते माझ्याकडे सरकले. “तेच झालं का?”

मी उताराची सगळी हकीकत सांगितली. धक्क्याने दवाखान्यात ठेवलेल्या मानेने रडत रडत मला जे सांगितलं होतं, तेही सांगितलं. मिलिंदने त्याला हात धरून ओढलं नाही, की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, “बस घडीभर. घाई नाही. आता एकच पाय टाक. दुसऱ्याचं मंग पाहू.”



“हे तं माह्यं बोलणं हाये,” त्याचे वडील म्हणाले. “तेरा वर्षांचा होता, निंबावरून पडून पाय मोडला. पलस्तर काढलं तरी पाय टेकवे नाही. रोज या अंगणात धरून चालवला मी त्याले, अस्संच बोलून. शिव्या देये मले. मले वाटे, माह्यं काईच आयकून नाही राह्यला.”

त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“आयकत होता तो,” ते म्हणाले.