काकीच्या वाटणीचं म्हावरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. ऐकून तुम्ही हसाल. हसा खुशाल, आधी मलाही हसूच येतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीजवळ पूर्णा गावात आमचं घर. धाकटा भाऊ दिनू नऊ वर्षांचा असताना एकाएकी बोलेनासा झाला. शाळा सुटली, खाणं तुटलं, माणूस दिसलं की कणगीमागे लपायचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ठाण्याला मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत, घेऊन जा. बाबा भडकले, "माजा पोर येडा हाय का?" आणि त्यांनी भगताला बोलावणं धाडलं. भगत तापल्या सळईने डाग द्यायचा. दिनूला डाग? मला कसं बघवणार होतं?

मग — सांगूनच टाकते — नवरात्रात, आरती चालू असताना, मी अंगात आणलं. केस सोडून घुमले. चौदा वर्षांची कार्टी मी, आणि अख्खं घर माझ्या पाया पडत होतं. "डाग नको. ठाण्याच्या डाक्टरकडं न्या," मी बजावलं. देवीला ठाण्याचा डॉक्टर कसा ठाऊक, हे कुणी विचारलंच नाही.

डॉक्टरांनी दिनूला चित्रं काढू दिली, मातीत खेळू दिलं, आईशीही कितीतरी वेळ बोलत बसले. असे बरेच महिने गेले. एकदा परतताना एसटीत तो ओरडला, "ताई, खिडकी माजी!" आई हसता हसता रडायला लागली. मी खिडकी सोडली.

ही लबाडी मला कधीच बोचली नाही. बोचतं ते पुढचं — म्हणजे, त्याच आरतीतलं.

घरात म्हावरं वाढायची काकी, आणि माझ्या ताटात कायम शेपटीकडचा तुकडा. त्या दिवशी सगळे हात जोडून बसलेले बघितले आणि माझी जीभ वळवळली. काकीकडे बोट करून म्हणाले, "तू म्हावरं सोड." आमच्याकडे म्हावऱ्याशिवाय जेवण म्हणजे उपासच.

"सोरलं, आई," काकी म्हणाली.

दिनूच्या लग्नात तो हळदीला घसा बसेस्तोवर गायला. काकी डाळभात खात सगळ्यांना सांगत होती, "मी सोरलं, म्हनून पोर बोलतंय." केवढी खूश होती! तेव्हा तरी सांगायचं होतं ना मी?

मरेपर्यंत तिने तोंडाला म्हावरं लावलं नाही. तिच्या वाटणीचा मधला तुकडा मात्र ती माझ्या ताटात घालायची. "खा गो, मना नाय चालत."

मी खायचे. अगदी चवीनं खायचे.