भैरवीची घाई

एका सोमवारी बायको वारली.

महिन्याभराने मी कोल्हापुरातल्या आमच्या फिल्म सोसायटीत मूकपट पाहायला प्रथमच एकटा गेलो. पडद्याशेजारी साथीला पेटीवर भजनी मंडळातले नेहमीचेच गृहस्थ होते. पडद्यावर घोडा धावला की ते बसल्या जागी उड्या मारत. “घोड्यापेक्षा हेच दमतात,” असं बायको म्हणायची.

त्या दिवशी नायिका आजारी पडताच त्यांनी गहिवरून भैरवी धरली. भैरवी म्हणजे कार्यक्रम संपला. सवयीने अर्धे प्रेक्षक चपला शोधू लागले. मीही उठलो.

“बसा की पावणं!” पेटी न थांबवता ते माझ्यावर ओरडले. “बाई अजून जित्ती हाय!”

सगळे हसले. महिन्यात पहिल्यांदाच मीही हसलो, आणि बसलो.

आता तिथे मूकपट दाखवत नाहीत. कुठल्याही मैफलीत भैरवी लागली की मी मात्र बसून राहतो.