डावखुऱ्या हाताची बिननावाची गिटार

इंदिरानगरच्या त्या वाद्यांच्या दुकानात गिटारी अशा मांडलेल्या आहेत, की चपला बाहेर काढून आत जावंसं वाटतं. त्यातही एका जगप्रसिद्ध अमेरिकन नावाच्या गिटारींना वेगळी काचेची खोली, आत एसी आणि मंद पिवळा उजेड. बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसांची इतकी बडदास्त ठेवली जात नाही.

मी चाळिशी ओलांडलेली, नोकरीसाठी पुण्याहून इथे येऊन राहिलेली बाई. दिवसभर लॅपटॉपसमोर बसते आणि ऑफिसच्या हौशी बँडमध्ये गिटार वाजवते. आणि मी डावखुरी आहे. ही शेवटची माहिती दिल्यावर दुकानातल्या सेल्समनचा चेहरा एकदम सांत्वनाला आल्यासारखा झाला.

"लेफ्ट हँड में नहीं आता, मॅडम. मंगाना पड़ेगा. महिने लगेंगे. और सिर्फ काला मिलेगा."

"लेकिन यहाँ तो इतने रंग हैं."

"वो सब राइट हँडवालों के लिए."

म्हणजे उजव्या हातानं वाजवणाऱ्यांना इंद्रधनुष्य, आणि आम्हाला सुतक. माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं मोठ्या मनानं एक उपायही सुचवला. "आप राइट से सीख लीजिए ना. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

'थोडं सांभाळून घ्या' हा इथला कानडी मंत्र. या शहरात पाणी, पार्किंग आणि खड्डे यांच्याशी मी बरंच स्वल्प अ‍ॅडजस्ट केलं होतं. आता एक हातच काय तो शिल्लक होता.

तोवर मी उजव्यांची गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवत आले होते. साध्या गिटारीवर ते खपून जातं. इलेक्ट्रिक गिटारीला मात्र आवाजाची बटणं असतात, आणि उलटी धरली की ती नेमकी कोपराखाली येतात. मागच्या कार्यक्रमात मी रंगात आले, माझं कोपरही रंगात आलं, आणि त्यानं आवाज पार बंद करून टाकला. मी डोळे मिटून वाजवत राहिले. माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं वादन त्यामुळे फक्त मीच ऐकलं.

आमच्या बँडचा मुख्य गिटारवादक ऑफिसात माझा मॅनेजर आहे. त्याच्याकडे ती काचेच्या खोलीतली गिटार आहे. तो ती वाजवतो कमी आणि पुसतो जास्त. दुकानातली हकीकत ऐकून तो म्हणाला, "काली तो काली, वही ले लो. उस नाम का नाम है. कल बेचनी पड़ी तो फटाक से बिक जाएगी."

घ्यायच्या आधीच विकायचा विचार करणारी माणसं लग्नाच्या बोहल्यावर नेमका कसला विचार करत असतील, हा प्रश्न मी तोंडातच ठेवला. अप्रेझल जवळ आलं होतं.

मग आमच्या ड्रमवाल्यानं होसकोटेच्या एका माणसाचा पत्ता दिला. औद्योगिक वसाहतीत, पॅकिंगची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये हा गृहस्थ हातानं गिटारी घडवत होता. मूळचा बेळगावकडचा, यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून वर्षानुवर्षं काढलेला. फोनवर माझं आडनाव ऐकलं आणि थेट मराठीत सुरू झाला. "यायचं की मग! हात घेऊन या म्हणजे झालं."

मी दोन्ही घेऊन गेले. इतका स्वतःवर खूश असलेला माणूस मी कॉर्पोरेट जगातसुद्धा पाहिला नव्हता. त्यानं माझा पंजा प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवून पेन्सिलीनं भोवतीनं रेघ काढली. बोटं ताणायला लावली, गिटार खांद्याला अडकवल्यासारखं उभं राहायला लावलं, आणि तेवढ्या वेळात जगातल्या यच्चयावत गिटार कंपन्या मोडीत काढल्या.

"कंपन्या नाव विकतात हो. लाकूड वर फुकट येतंय," तो म्हणाला. "मी तुम्हाला फणसाच्या लाकडाची करून देतो बघा. आमच्याकडं वीणा करतात त्याची. वजन बेताचं, आवाज गोड."

"आणि डावखुरी," मी म्हणाले.

"डावखुरीच की! हे काय सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ही बातमी पसरली. फणसाचे गरे गिटारबरोबर मिळणार की वेगळे घ्यावे लागणार, अशी विचारपूस झाली. मॅनेजरनं फक्त मान हलवली. टीममधलं कुणी स्टार्टअप काढायला राजीनामा देतं, तेव्हाही तो अशीच हलवतो.

गिटार पुढच्या आठवड्यात तयार होणार होती. ती बरेच आठवडे पुढच्याच आठवड्यात तयार होत राहिली. आमच्या प्रोजेक्टच्या तारखाही अशाच पडतात, त्यामुळे मला हा व्यवहार अगदी घरचा वाटू लागला होता. अशात पुण्याहून माझी आई आली. ती वर्षातून एकदा महिनाभर येते आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलून जाते.

आईचं आणि माझ्या डाव्या हाताचं जुनं वैर. लहानपणी मी डाव्या हातानं घास उचलला, की ती ताट ओढून घ्यायची आणि मी हात बदलेपर्यंत परत द्यायची नाही. लिहिण्याची जबाबदारी शाळेतल्या बाईंनी उचलली होती, जेवणाची आईनं. दोघींनी मिळून माझ्या हाताला वळण लावलं. आजही मी उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं सही करते. गिटार तेवढी डाव्या हातानं वाजवते, कारण ती हॉस्टेलवर शिकले आणि तिथे दोघींपैकी कुणी नव्हतं.

त्यामुळे आईला गिटारबद्दल सांगताना मी 'डाव्या हाताची' हा शब्द गिळून टाकला. नुसतं 'खास बनवून घेतेय' म्हणाले.

आणि एका शनिवारी सकाळी होसकोटेहून फोन आला. "ताई, तसं काही नाही, पण एक छोटासा प्रॉब्लेम झालाय. येऊन बघून जाता काय?"

आई घरी कंटाळली होती, तीही निघाली. शेडमध्ये पोचलो तर टेबलावर माझ्या गिटारचं धड होतं. पिवळसर, गुळगुळीत, इतकं सुंदर की मी बघतच राहिले. मग कळलं. बटणांची भोकं चुकीच्या बाजूला होती, बोटं वरच्या सुरांपर्यंत पोचावीत म्हणून असतो तो खालचा कापही चुकीच्या बाजूला. जगातल्या समस्त कंपन्यांना मोडीत काढणाऱ्या माणसानं माझी गिटार उजव्या हाताची करून ठेवली होती. ते धड पालथं घालून, मागची बाजू पुढे करूनही भागेना. तसं केलं, की मागचे वायरींचे खड्डे प्रेक्षकांसमोर.

"सवय हो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "इतकी वर्षं उजव्याच केल्या. हात आपसूक तसाच चालला. पण मी काय म्हणतो, ताई, लाकूड फार चांगलं साधलंय. पूर्वीसारखीच उलटी धरून वाजवलीत तर? बटणं मी जरा बाजूला सरकवून देतो. थोडं तुम्ही सांभाळून घ्यायचं."

मला खरंच रडू येईल असं वाटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मी 'बरं' म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"सांभाळून का घ्यायचं?"

हे आई बोलली. ती दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती उठली आणि टेबलापाशी आली.

"तिनं तुम्हाला डाव्या हाताची सांगितली होती ना?"

"हो, पण काकू..."

"मग डाव्या हाताचीच करून द्या. चूक तुमच्या हाताची, आणि स्वतःचा हात वळवायचा तिनं होय? हे काय बोलणं झालं?"

तिकडे खोक्यांच्या कारखान्यातलं कापायचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. गिटारवाला आईकडे बघत राहिला. मीही आईकडेच बघत होते. माझी ताटं ओढून घेणारी बाई हीच का, याची खात्री करून घेत होते.

"नवीन करतो," तो शेवटी म्हणाला. "काकू, लाकूड तुम्हीच निवडा."

आईनं मागच्या फळ्यांवर टिचक्या मारून एक फळी निवडली. नारळ घेताना ती इतकाच वेळ लावते. निघताना त्याला बजावलंही, "आता करायला बसाल तेव्हा पेन्सिलीनं वर मोठ्ठं 'डावी' लिहून ठेवा."

परतीच्या वाटेवर टॅक्सी टिन फॅक्टरीजवळ अडकली ती अडकलीच. या शहरात मनातलं बोलायला ट्रॅफिकसारखी सोय नाही, कुणाला उठून जाता येत नाही. मी विचारलं, "आई, तुला एकदम काय झालं गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "काही नाही. तो सवय म्हणाला ना, ते डोक्यात गेलं."

टॅक्सी दोन हात पुढे सरकली तेव्हा म्हणाली, "माझाही डावाच होता."

मला आधी कळलंच नाही. "काय डावा होता?"

"हात. आमची आत्या जेवायला बसताना माझा डावा हात परकराच्या नाडीला बांधून ठेवायची. जेवण झालं की सोडायची. मला वाटायचं, सगळ्यांना असंच शिकवतात. तुझा हात बांधला नाही मी कधी." पर्सची चेन उघडत ती म्हणाली, "नुसतं ताटच तर ओढायचे."

तिनं ते कमीपणानं सांगितलं नाही आणि माफी मागितल्यासारखंही सांगितलं नाही. पूर्वी अमुक गल्लीत राहायचो, तसं सांगितलं. मला एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी टोचून बोलायची खोड आहे. त्या दिवशी मी फक्त तिचा हात धरला. डावाच माझ्या बाजूला होता. तिनं तो थोडा वेळ राहू दिला आणि मग पर्समधून आवळासुपारी काढायला सोडवून घेतला.

दुसरी गिटार डाव्या हाताची झाली. आईचा मुक्काम संपायच्या आत झाली, कारण ती रोज सकाळी त्याला फोन करत होती. हळूहळू ते फोन लांबत गेले. बेळगावचा कुंदा, गुडघेदुखी, त्याच्या मुलीचं लग्न असे विषय गिटारच्या पुढे सरकले. ऑफिसच्या फॅमिली डेला तो आईच्या आमंत्रणावरून इस्त्रीचा शर्ट घालून हजर होता. दोघं पहिल्या रांगेत शेजारी बसले आणि माझं वादन चालू असताना सलग बोलत होते.

गिटार अप्रतिम वाजली असं लिहायला मला आवडलं असतं. ती चांगली वाजली. मी नेहमीसारखी वाजवली, मधे दोन ठिकाणी चुकले, फक्त या वेळी चुका सगळ्यांना स्पष्ट ऐकू आल्या. आवाज शेवटपर्यंत चालू होता.

कार्यक्रमानंतर मॅनेजरनं ती हातात घेतली, वरखाली पाहिली. तारांच्या खुंट्या असतात तिथे, माथ्यावर, जिथे त्याच्या गिटारवर ते सोनेरी नाव आहे, तिथे माझ्या गिटारवर नुसतं फणसाचं लाकूड आहे.

"आवाज अच्छा है," त्यानं कबूल केलं. "लेकिन बेचने जाओगी तो कौन लेगा?"

"बेचने का नहीं है," आईनं आपल्या पुणेरी हिंदीत त्याला सांगितलं आणि त्याच्या प्लेटमध्ये आणखी एक ढोकळा वाढला. डाव्या हातानं वाढला. मी बघितलं. तिनंही बघितलं, चमचा पटकन उजव्या हातात घेतला आणि पुढचा ढोकळा मला वाढला.