बंद केल्यावरच लागणारं कुलूप

मी वकील. नगरच्या आमच्या घरातली मागची खोली हे माझं ऑफिस आणि टेबलाखालचा सर्व्हर हे माझं कपाट. त्याची डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डच्या कुलपात ठेवली, तेव्हा सासरे हसले होते, "एवढं काय सोनं ठेवलंयस त्यात?" या कुलपाची एक खोड आहे. मशीन बंद झालं तरच ते लागतं. चालू असेपर्यंत सगळं उघडं. त्या दिवशी बॅकअप संपत नव्हता, म्हणून मशीन चालू ठेवून, घाईत स्क्रीनही तशीच सोडून मी पुण्याला निघाले.

सुप्याजवळ एसटीत सासऱ्यांचा फोन आला.

"अगं, तिसगावचे एक गृहस्थ आलेत. त्यांच्या सुनेची केस तुझ्याकडे आहे म्हणे. कुठे राहते ती आता? समोरासमोर बसवून मिटवून टाकू."

त्या मुलीचा नवऱ्याने हात मोडला होता. ती कुठे लपलीय हे तिच्या आईखेरीज फक्त मला ठाऊक होतं. आणि माझ्या सर्व्हरला. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीतली निम्मी भांडणं त्यांनी चहा पाजून मिटवलेली. आपण पुण्यकर्म करतोय असंच त्यांना वाटत होतं.

"बाबा, पत्ता देता येणार नाही."

"तू नको देऊस. मीच बघतो, कॉम्प्युटर चालूच दिसतोय तुझा." फोन बंद.

बाहेरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट मी सुरक्षिततेसाठी स्वतःच बंद केली होती. काय पण हुशारी! सासूबाईंना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला.

"आई, काही विचारू नका. मागच्या खोलीतल्या मशीनची वायर उपटा."

"अगं, हे बसलेत तिथे. काहीतरी शोधतायत."

"म्हणूनच! आत्ता!"

खुर्ची सरकली. मग सासऱ्यांचं "अगं, अगं, काय करतेस!" ऐकू आलं.

"काढली," आई म्हणाल्या. "आता तूच बोल यांच्याशी."

सासऱ्यांनी फोन घेतला. "परत सुरू केलं तर पासवर्ड मागेल ना? सांग."

"नाही, बाबा."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

त्यांच्याशी मी आजवर वाद पुष्कळ घातले, पण असलं कधी बोलले नव्हते. "या बाबतीत नाही," मी म्हणाले. रडू येत होतं आणि रागही.

तेवढ्यात पाहुण्याचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. आमी हुडकतो. घावली की बगतोच तिला."

सासरे त्याला म्हणाले, "तुम्ही निघा."

मी सुप्यालाच उतरून परतीची गाडी धरली. घरी पोचले तर सासरे माझ्या खोलीत, बंद स्क्रीनसमोर बसलेले.

"तिची फाईल सापडली होती मला," ते म्हणाले. "उघडत होतो, तेवढ्यात हिने वायर काढली." मग म्हणाले, "उद्या मी कितीही मागितला, तरी तो पासवर्ड मला देऊ नकोस."