मावशीची मेथी आणि माझा हात

आमच्या भागातल्या बातम्या देणाऱ्या एका हिंदी चॅनलच्या रिपोर्टरसोबत मी महिनाभर शिकायला फिरत होते. फिरणं म्हणजे सरांच्या मोटरसायकलवर मागे बसायचं, मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी धरायची. टीव्हीवर दिसायची मला हौस होतीच, पण आईच्या हौसेपुढे ती काहीच नव्हती. माझं तोंड अजून कॅमेऱ्यापुढे गेलंही नव्हतं, तरी तिनं पांढुर्ण्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दळण आणायला गेले की चक्कीवाला विचारायचा, "कधी येऊन राहिली टीव्हीवर?" मला तर चक्कीवर जायचीच लाज वाटायला लागली.

सरांची अडचण वेगळी. त्यांना प्रत्येक बातमीत चिडलेली जनता लागायची आणि आमच्याकडे कॅमेऱ्यापुढे कोणी चिडायला तयार नसतं. सौंसरला मोकाट सांडांची बातमी करायला गेलो, तिथेही तेच. बाजारात एकाला माइक पाहून आधी केस विंचरायचे होते. दुसरा हात जोडून म्हणाला, "भाऊ, थो काळा सांड माह्या मामसासऱ्यानं देवाच्या नावानं सोडला. मी काय बोलू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच हो जनता. ओढणी डोक्यावर घे, माइक धर अन् भडक!"

रिपोर्टर नाही तर जनता, पण टीव्हीवर दिसणार तर होते! मी जीव तोडून ओरडले, "हम सौंसरवाले कहाँ जाएँ? घर से निकलना मुश्किल हो गया है!"

"तू कधीपासून सौंसरची झाली व?" मागून आवाज आला. "काल तर पांढुर्ण्याहून फोन करून राहिली होती!"

माझी सख्खी मावशी. तिचं सासर सौंसरचंच. आई आणि ती, दोघींचं कोण पुढे यावरून लहानपणापासून चालूच आहे. तिच्या हातात पिशवीचा नुसता बंद लोंबत होता.

"सांडाचं चालू हाय का? मंग मले विचार ना!" म्हणत तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि कॅमेऱ्यासाठी हिंदी सुरू केली. "अभी के अभी मेरी मेथी खाया! थैली खाया! पदर भी खाने को देख रहा था! छत्री मारी तो छत्री खाया!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर तर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. मी मुकाट्यानं तिच्यापुढे माइक धरून उभी राहिले. मला तिचा भयंकर राग आला होता.

संध्याकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चक्कीवालाही आला होता. आईनं सगळ्यांना चिवडा दिला. बातमी लागली. पडदाभर मावशी, आणि कोपऱ्यात माइक धरलेला एक हात, मनगटापर्यंत.

"पोट्टी कुठं हाय?" कोणीतरी विचारलं. मला रडूच यायला लागलं.

आईनं चिवड्याचं ताट खाली ठेवलं आणि ती तडक टीव्हीपाशी गेली. पडद्यावरच्या त्या हातावर तिनं बोट टेकवलं.

"हा पाहा. हा हात माह्या पोरीचा हाय. अन् थो माइक लय जड असते बाप्पा, येरागबाळ्याचं काम नाही!"

बातमी संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. आईच्या पाठीमुळे मावशी मग कोणालाच दिसली नाही.