गल्लीचे पैकीच्या पैकी

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणतात. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद तिरका असला तरी ती जाता जाता सरळ करते. मी साहित्य शिकून तिथे चिकटले, प्रश्न सोप्या भाषेत लिहायला. शेजारचं टेबल तिचं. मैत्री तिथेच झाली.

आमच्या ऑफिसचं काम देशाचं बरंवाईट मोजायचं. कोणाला काय मिळतं, धूर कोणाच्या वाट्याला येतो, माणसं स्वतः किती समाधानी आहेत. जिथे हवा वाईट आणि माणसंही बेजार, तिथे आधी धुराड्यांना गाळण्या बसणार, दवाखाना उघडणार.

मोजपट्टीचं घर रंगाच्या कारखान्यामागे. तिची आई घरी शर्टांना कॉलर लावते. वारा कारखान्याकडून सुटला की काकू पांढरं कापड हातात घेत नाहीत. निळे ठिपके पडतात. छाती भरली की पंप ओढायचा आणि पुन्हा मशीनवर बसायचं. गाळण्या आणि दवाखान्याच्या यादीत ही गल्ली वर यावी, एवढंच मोजपट्टीला हवं होतं. तोंडाने ती म्हणत नसे. नखं खात असे.

आपल्या माणसांना आपण प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम. म्हणून मी गेले. ती कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसून राहिली.

पहिलं घर काकूंचंच. खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं.

"एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? शून्य ते दहा."

"दहा," काकू म्हणाल्या आणि खोकल्या.

"आणि घराजवळच्या हवेबद्दल?"

"तिलाही दहा लिही. चहा घे आधी, निवतोय."

समजवायचं नाही, सुचवायचं नाही. ऐकलं ते लिहायचं. मी लिहिलं.

शेजारी इस्त्रीवाले. दहा. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई. त्या आधी चार म्हणाल्या, मग जीभ चावून दहा. जिना उतरताना इस्त्रीवाल्यांनी हाक मारली.

"अहो, पोरीला सांगा, कुणी हात आखडता घेतला नाही!"

"कशात?"

"मार्कांत! तिच्या आईने सगळ्यांना बजावलंय. आपल्या लेकीचं काम तपासायला माणूस येणार आहे, भरभरून द्या. आम्ही काय परके आहोत?"

मी पायरीवरच बसले.

थांब्यावर जाऊन तिला सांगितलं. तिचं बोट तोंडाशी तसंच राहिलं.

"म्हणजे देशातली सगळ्यात सुखी गल्ली आमची," ती म्हणाली आणि हसली. मग ते हसू आवरेना. मग ते हसू राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या मॅडमकडे निघाली. मी तिचा हात धरला.

"अगं, गप्प राहा. नोकरीवर येईल."

"आणि ते दहा तसेच राहू देऊ?"

मॅडमनी गल्लीची उत्तरं रद्द केली. पुन्हा विचारायला दुसऱ्या शहरातून अनोळखी माणसं येतील, पण एकदाच. "हे मार्क तुमचे नाहीत, एवढंच आईला सांगा. त्यापुढे एक शब्द नाही. पढवलंय असं दिसलं, तर गल्ली मोजणीतूनच बाहेर."

संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. दारातूनच ती म्हणाली, "आई, ते मार्क माझे नव्हते. परत विचारायला येणार आहेत. दुसरे लोक."

मशीन थांबलं.

"का? कमी पडले?"

"तसं नाही गं."

"मग तोंड का उतरलंय? कोण बोललं तुला? त्या नर्सबाईनेच काडी घातली असणार. मी तेव्हाच ओळखलं होतं."

मोजपट्टीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"तू काळजी करू नकोस, बाळ," काकू म्हणाल्या. "या वेळी मी दारोदार जाते. एकेकाकडून कबूल करून घेते." खुर्चीचा आधार घेत त्या उठल्या. चपला शोधू लागल्या.

मोजपट्टी दारात आडवी उभी राहिली. बोलायची परवानगी नव्हती. उभं राहायची होती.

"सरक गं," काकू म्हणाल्या, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. पंप मशीनवर होता. तो द्यायला गेलं, तर दार मोकळं होणार होतं.

ती पंपाकडे धावली.